माती कुणाची, हे आधी लिहून काढा

प्रश्न थोडक्यात असा. काही चित्रकार, शिल्पकार आणि धाग्यात काम करणारे कलाकार मिळून एक प्रदर्शन भरवत आहेत. प्रेरणा निसर्गाची. माध्यमं म्हणजे माती, बिया, झाडाची साल, पानाफुलांचे रंग. विषय आहे जमिनीवरचा हक्क, तो हिरावला जाणं आणि त्या जखमा भरून येणं. संयोजकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. प्रदर्शन नुसतंच देखणं होऊ नये म्हणून काय करावं? माती, बिया दालनात आणताना कोणती काळजी घ्यावी? आणि एका खाणकंपनीनं देऊ केलेला निधी घ्यावा की नाही? जमीन आणि विस्थापन या विषयांवरच्या प्रदर्शनांची मांडणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. कलाकृती पक्क्या करण्याआधी प्रत्येकीसमोर चार ओळी लिहा. ती ज्या जमिनीबद्दल बोलते ती कुणाची होती, कुणाच्या हाती गेली, कोणत्या कायद्यानं किंवा कागदानं गेली, आणि आज तो दावा कुठवर आला आहे. ज्या कामाबद्दल या चार ओळी लिहिता येत नाहीत ते कितीही सुरेख असलं तरी या प्रदर्शनात घेऊ नका. निसर्गावरच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते शोभून दिसेल. एखाद्या कलाकाराला हे लागेल, त्याच्याशी बसून बोलावं लागेल, पण हे बोलणं टाळलं तर पुढे प्रेक्षकाला हिरवाई दिसते आणि अन्याय दिसत नाही.

जमिनीवर केलेल्या कलेचा इतिहास पाहिला की ही काळजी का हवी ते कळतं. 1969 मध्ये मायकल हायझर यांनी नेवाडातल्या एका पठाराच्या कडेला दोन प्रचंड खाचा खोदून 'डबल निगेटिव्ह' साकारलं. त्यासाठी सुमारे 2 लाख 40 हजार टन खडक आणि माती हलवली गेली. पुढच्या वर्षी रॉबर्ट स्मिथसन यांनी युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये सुमारे दीड हजार फूट लांबीची 'स्पायरल जेटी' रचली. दोन्ही कामं थोर आहेत, त्यांचा प्रभाव मी नाकारत नाही. पण दोन्हीकडे जमीन कोऱ्या कागदासारखी वापरली गेली. नेवाडाचा तो भाग दक्षिण पायुट लोकांचा, आणि या कलाकृतीच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच येतं. 'रिकामी', 'पडीक', 'मानवस्पर्श न झालेली' असे शब्द भिंतीवरच्या मजकुरात दिसले की मी तो मजकूर परत पाठवते. जमीन बळकावणाऱ्यांनी जगभर हेच शब्द वापरलेले आहेत.

उलट बाजूची दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. दोन्ही ऑस्ट्रेलियातली आहेत आणि दोन्हींत चित्र थेट पुरावा म्हणून उभं राहिलं.

1963 मध्ये तिथल्या सरकारनं अर्नहेम लँडच्या राखीव प्रदेशातून 300 चौरस किलोमीटरहून जास्त जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या योल्ङु लोकांना कुणी विचारलं नाही. यिर्काला इथल्या लोकांनी संसदेकडे अर्ज पाठवले. मजकूर त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलिखित केलेला, कागद झाडाच्या सालीवर चिकटवलेला आणि चारही बाजूंनी कुळांची पारंपरिक चित्रं. ती चित्रं शोभेची चौकट नव्हती. कोणत्या कुळाचं कोणत्या भूमीशी काय नातं आहे, हे सांगण्याची त्यांची कायद्याची भाषाच ती होती. संसदेच्या रीतीत बसणारा अर्ज आणि योल्ङु रीतीत बसणारा दस्त, दोन्ही एकाच सालीवर. खाण थांबली नाही. 1971 मध्ये न्यायालयातही ते हरले. पण त्या लढ्यातून पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि 1976 मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतापुरता आदिवासींच्या भूमिहक्काचा कायदा झाला. सालीवरचे ते अर्ज आज तिथल्या संसद भवनात जतन केलेले आहेत. तुमच्या कलाकारांपैकी जे सालीवर काम करताहेत त्यांनी हा प्रसंग मुळातून समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण 1997 चं. ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांचा भूमिहक्काचा दावा न्यायाधिकरणापुढे होता. आपलं म्हणणं कज्जाच्या इंग्रजीत मांडता येईना, तेव्हा त्यांनी ते रंगवायचं ठरवलं. पिर्निनी नावाच्या ठिकाणी चाळीसहून अधिक जणांनी मिळून 8 मीटर बाय 10 मीटरचा एक कॅनव्हास रंगवला, 'ङुर्रारा' नावाचा. त्यात प्रत्येकानं आपापला पाणवठा आणि त्याभोवतीचा प्रदेश काढला. सुनावणीच्या वेळी कॅनव्हास जमिनीवर अंथरला होता. साक्ष देणारी व्यक्ती आपण रंगवलेल्या भागावर जाऊन उभी राहायची आणि तिथूनच, आपल्या भाषेत, तिथली हकीकत सांगायची. निकाल यायला दहा वर्षं लागली. 2007 मध्ये सुमारे 77 हजार चौरस किलोमीटरवरचा त्यांचा हक्क मान्य झाला. या कॅनव्हासची छायाचित्रं पाहताना बहुतेक लोक रंगांबद्दल बोलतात, मी विद्यार्थ्यांना पाणवठे मोजायला सांगते. वाळवंटात पाणी कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याचा त्या भूमीशी संबंध किती जुना हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

तुमच्या प्रदर्शनात अशी ताकद यावी असं वाटत असेल, तर एक गोष्ट करा. ज्या लोकांची जमीन गेली त्यांना उद्घाटनाला पाहुणे म्हणून बोलावू नका, निवडीच्या पहिल्या बैठकीला बोलावा. काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असू द्या. काही चित्रं, काही जागांची नावं, काही झाडांचे उपयोग बाहेरच्यांना सांगायचे नसतात, आणि तो नकार पाळणं हेही न्यायाचंच काम आहे. 13 सप्टेंबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी आणि मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा 144 मतांनी मंजूर केला. त्यात मुक्त, पूर्वसूचित आणि माहितीपूर्ण संमतीचं तत्त्व आहे. जमिनीइतकंच ते सांस्कृतिक वारशालाही लागू होतं. संमतीचा कागद घेऊन फाइलला लावणं पुरेसं नाही. मांडणी बदलली, मजकूर बदलला, छायाचित्र पुस्तिकेत जाणार असेल, तर पुन्हा विचारायचं. वेळापत्रकात त्यासाठी महिने ठेवा, आठवडे नाही.

आता जखमा भरून येण्याबद्दल. हा भाग सर्वांना हवाहवासा वाटतो आणि इथंच बहुतेक प्रदर्शनं घसरतात. मंद प्रकाश, पाण्याचा आवाज, मातीचा वास, शेवटच्या दालनात बसायला गाद्या. प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडतो आणि ज्याची जमीन गेली तो आहे तिथंच राहतो. प्रेक्षकाला शांत वाटू नये असं माझं म्हणणं नाही. पण 'भरून आलं' हे म्हणायचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा आहे. दावा अजून न्यायालयात असेल, गाळ अजून नदीत जात असेल, तर त्या दालनाला 'उपचार' असं नाव देऊ नका. काम कुठवर आलं तेच लिहा.

जमीन खरोखर बरी होण्याची क्रिया किती हळू आणि किती चिकाटीची असते, हे मेल चिन यांच्या 'रिव्हायव्हल फील्ड'मध्ये दिसतं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराजवळच्या पिग्ज आय या जुन्या कचराभूमीवर त्यांनी हे काम सुरू केलं. तिथल्या मातीत कॅडमियमसारखे जड धातू मुरलेले होते. रूफस चेनी या कृषिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी कुंपण घातलेला एक चौरस तुकडा आखला, त्यात वर्तुळ, आणि वर्तुळात धातू शोषून घेणारी झाडं लावली. काही वनस्पती मुळांतून जस्त, कॅडमियम ओढून पानांत साठवतात. झाडं कापून, जाळून, राखेतून धातू वेगळा काढायचा आणि पुन्हा लावणी करायची, अशी ती पद्धत. पाहायला तिथं फारसं काही नव्हतं, कुंपणामागे थोडी खुरटी झाडं. राष्ट्रीय कला निधीच्या अध्यक्षांनी आधी अनुदान नाकारलं होतं, नंतर तो निर्णय बदलला. चाचणीत एका वनस्पतीनं जस्त आणि कॅडमियम लक्षणीय प्रमाणात शोषल्याचं दिसलं आणि त्या शास्त्राला प्रत्यक्ष शेतातला पुरावा मिळाला. मला या कामात सगळ्यात जास्त भावतं ते हे, की कलाकारानं 'माती बरी झाली' असं कधी प्रतीकानं सांगितलं नाही, त्यानं ती मोजली.

तुमच्याकडच्या एका कलाकाराला मातीचे 'क्रोमॅटोग्राम' करायचे आहेत असं दिसतं. कल्पना चांगली आहे, मी ते करताना जवळून पाहिलं आहे. माती सावलीत वाळवून बारीक चाळतात, सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात काही तास भिजवून ठेवतात. गोल गाळणकागदाच्या मध्यभागी छिद्र पाडून त्यात कागदाचीच वात बसवतात. तो कागद आधी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणानं भिजवून अंधारात वाळवलेला असतो. मग वातीतून मातीचं निवळलेलं द्रावण वर चढतं आणि मध्यापासून बाहेर पसरत जातं. पुढचे काही दिवस मंद उजेडात ठेवलं की रंग उमटतात. मध्ये फिकट गाभा, भोवती तपकिरी, करडी, जांभळट वलयं, कडेला दातेरी टोकं. सेंद्रिय द्रव्यानं भरलेल्या मातीचं वर्तुळ आणि रसायनांनी थकलेल्या मातीचं वर्तुळ शेजारी ठेवलं की फरक लहान मुलालाही दिसतो. पण हे चित्र म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. त्यातून शिसं किती, कॅडमियम किती हे कळत नाही. म्हणून प्रत्येक वर्तुळाखाली त्या मातीचा तपासणी अहवाल लावा आणि माती कुठल्या तुकड्यातली, तो तुकडा आज कुणाच्या नावावर आहे तेही लिहा. कलाकाराला हातमोजे आणि चष्मा वापरायला सांगा, दोन्ही रसायनं त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहेत. शिवाय हे कागद उजेडात काळवंडत राहतात, त्यामुळे त्यांच्यावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देऊ नका. वनस्पतीजन्य रंगांच्या कापडालाही हाच नियम.

दालनात माती आणण्याबद्दल पहिली सूचना वजनाची. ओलसर मातीचा 10 सेंटीमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला साधारण दीडशे ते एकशे ऐंशी किलो भरतो. त्यात उभे राहणारे लोक वेगळेच. वरच्या मजल्यावर मांडणी असेल तर आधी अभियंत्याला विचारा. वॉल्टर डी मारिया यांच्या न्यूयॉर्कमधल्या 'अर्थ रूम'मध्ये 1977 पासून सुमारे 127 टन माती आहे आणि ती नियमित पाणी घालून, दाताळ्यानं ओढून राखावी लागते. जिवंत माती ठेवायची तर तिला राखणारा माणूस लागतो, त्याचा पगार अंदाजपत्रकात धरा. नाही तर पूर्ण वाळवलेली, चाळलेली माती वापरा. ओली माती बंद काचपेटीत ठेवू नका, आठवड्याभरात बुरशी धरते. साल, पानं, बिया आणण्याआधी घट्ट बंद पॉलिथिनमध्ये उणे 20 अंश किंवा त्याखाली एक-दोन आठवडे गोठवा, म्हणजे कीड आणि तिची अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. बिया पुढे पेरायच्या असतील तर गोठवण्याआधी नीट वाळवा, ओल राहिली तर बीच मरेल. प्रदूषित जागेची माती असेल तर ती उघडी ठेवायचीच नाही. तिची धूळ श्वासातून जाते, आणि प्रदर्शनात मुलं येतात.

माती दुसऱ्या देशातून आणायचा विचार असेल तर बहुतेक देशांत परवान्याशिवाय ती आणता येत नाही. कीड, जंतू, तणांच्या बिया मातीबरोबर प्रवास करतात. कलाकार मारिया थेरेझा आल्व्हेस यांनी 1999 पासून याच गोष्टीवर काम केलं आहे. पूर्वी जहाजं समतोलासाठी माती, दगड भरून निघत आणि बंदराला लागली की ते भार उतरवून टाकत. त्या मातीतल्या बिया युरोपातल्या बंदरांच्या आसपास अजून उगवतात. आल्व्हेस यांनी त्या शोधल्या, रुजवल्या, आणि 2012 मध्ये ब्रिस्टलच्या बंदरात एका जुन्या तराफ्यावर त्यांची तरंगती बाग केली. व्यापार, गुलामगिरी आणि वसाहती यांचा मार्ग त्या झाडांवरून वाचता येतो. बियांवर काम करणाऱ्या तुमच्या कलाकारांना हे नक्की दाखवा. आणि पारंपरिक वाण मांडणार असाल तर ते ज्यांनी जपले त्यांचं श्रेय आणि वाटा ठरवून घ्या. जनुकीय संसाधनांच्या न्याय्य लाभवाटपासाठी 2010 चा नागोया करार आहे आणि तो 2014 पासून लागू आहे.

बियांची मांडणी कशी पुरावा बनू शकते हे अमर कंवर यांच्या 'द सॉव्हरिन फॉरेस्ट'मध्ये दिसतं. ओडिशातल्या खाणी, उद्योग आणि जमिनीच्या संघर्षावरचं हे काम. 2012 मध्ये ते जर्मनीतल्या कासेल इथं डॉक्युमेंटा प्रदर्शनात होतं आणि त्याच वर्षी भुवनेश्वरमध्येही लोकांसाठी खुलं झालं. त्यात भाताच्या अडीचशेहून अधिक देशी वाणांच्या बिया आहेत, हातानं बनवलेली पुस्तकं आहेत, कागदपत्रं, छायाचित्रं आहेत. महत्त्वाचं म्हणजे लोकांनी आपल्याकडचा पुरावा आणून त्यात भर घालावी अशी सोय होती. तुमच्याकडे एक भिंत अशी रिकामी ठेवता आली तर ठेवा. माध्यमाच्या निवडीबद्दल प्रभाकर पाचपुते यांचंही नाव घेते. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात वाढलेला हा चित्रकार खाण कामगारांची आणि उकरलेल्या जमिनीची चित्रं कोळशानं काढतो. तिथं माध्यम आणि विषय यांचं थेट नातं आहे. तुमच्या कलाकारांना विचारा, तुमची माती, तुमचा रंग असाच आतून आला आहे का, की दिसायला छान म्हणून घेतला आहे?

प्रदर्शन संपल्यावर माती कुठे जाणार हेही करारात आधीच लिहा. जिथून आणली तिथं, ज्यांनी दिली त्यांच्या हाती परत गेली पाहिजे. फक्त ती रसायन लावलेली किंवा इतर मातीत मिसळलेली नसावी, नाही तर परत देणं म्हणजे नवं प्रदूषण. जोसेफ बॉइस यांनी 1982 मध्ये कासेलमध्ये 7000 बसाल्टचे दगड चौकात रचून ठेवले आणि एक झाड लावलं की एक दगड त्याच्याशेजारी रोवायचा असं ठरवलं. ढीग कमी होत गेला तसं काम पुढे सरकताना गावाला दिसत होतं. बॉइस 1986 मध्ये वारले, शेवटचं झाड 1987 मध्ये त्यांच्या मुलानं लावलं. प्रदर्शनाच्या तारखांबाहेर पाच वर्षं चालणारं काम अंगावर घ्यायची तयारी असेल तरच 'सावरणं' हा शब्द शीर्षकात ठेवा.

आता पैशाचा प्रश्न. खाणकंपनीचा निधी घेऊ नका. रक्कम मोठी आहे आणि तिच्याशिवाय प्रदर्शन छोटं होईल हे मला समजतं. पण जिच्यावर जमिनीचे दावे सुरू आहेत अशा कंपनीचं नाव निमंत्रणपत्रिकेवर आलं की तुमच्या भिंतीवरची प्रत्येक कलाकृती तिच्या बाजूनं साक्ष देऊ लागते. उद्या सुनावणीत 'आम्ही स्थानिक संस्कृतीला पाठिंबा देतो' म्हणून तुमचीच पुस्तिका सादर होऊ शकते. ज्यांची जमीन गेली ते लोक तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

पैसा कला आणि जमीन यांच्यात योग्य दिशेनं वाहू शकतो याचं सध्याचं सर्वात ठोस उदाहरण काँगोतल्या लुसांगाचं आहे. वसाहतकाळातल्या पामतेलाच्या मळ्यांवर राबलेल्या कुटुंबांतल्या कामगारांनी 2014 मध्ये कलाकारांचा संघ स्थापन केला. ते नदीकाठच्या चिकणमातीत शिल्पं घडवतात, त्यांच्या त्रिमितीय प्रतीवरून कोको आणि पामतेलात ओतीव शिल्पं तयार होतात आणि ती जगभरच्या दालनांत विकली जातात. त्या पैशातून त्यांनी मळ्याची थकलेली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. आता शंभराहून जास्त हेक्टर त्यांच्याकडे आहे आणि तिथं एकच पीक न घेता मिश्र लागवड आणि जंगल परत आणण्याचं काम चालू आहे. 2024 च्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात नेदरलँड्सच्या दालनात त्यांचं काम होतं. आपल्याच पूर्वजांची जमीन पैसे मोजून परत घ्यावी लागणं हा अन्याय आहेच, ते कलाकारही हे उघड बोलतात. ओटोबोंग न्कांगा यांनी 2017 च्या डॉक्युमेंटात साबण तयार करून विकला आणि त्यातून नायजेरियातल्या अक्वा इबोम भागात काम करणारं प्रतिष्ठान उभं केलं, तोही असाच मार्ग.

तुमच्या आवाक्यातलं सांगायचं तर कलाकृतींची संख्या निम्मी करा, दालन लहान घ्या, आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा थेट दाव्याच्या कायदेशीर खर्चाला जाईल असं लेखी ठरवा. किती हिस्सा हे त्या लोकांनाच ठरवू द्या. जमिनीची माहिती देणाऱ्या, माती दाखवणाऱ्या, झाडांची नावं सांगणाऱ्या प्रत्येकाला कलाकाराइतकंच मानधन ठेवा. कंपनीला नकार कळवताना पत्र दोन ओळींचं असू द्या, कारण स्पष्ट लिहा, आणि त्याची एक प्रत ज्यांची जमीन आहे त्यांच्याकडे आधी द्या.